बनुबाईची पाठ

खंडेनवमीला महाडच्या त्या कचेरीत शस्त्रं म्हणून पुजायला काय होतं, तर स्टेपलर, पंचिंग मशीन आणि सगळ्यांचे जुनाट कॉम्प्युटर. ज्याने त्याने आपापलं शस्त्र पुसायचं, असा तिथला रिवाज. हैबती शेलार या कामात सगळ्यांच्या पुढे. त्याने घरून जुन्या लुगड्याचा फडका आणला होता. कीबोर्ड उलटा करून झटकला तर त्यातून चिवड्यातले दाणे पडले, ते त्याने गोळा करून खिडकीत चिमण्यांना ठेवले. पडद्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूची माळ अडकवली आणि दोन पावलं मागे सरून तो कौतुकाने पाहत राहिला.

शेजारच्या टेबलावरचा प्रवीण म्हणाला, "बाहेरून काय पुसतोस? आत बघ किती कचरा साठलाय. तो ब्राउझर काढ आणि नवीन टाक. मशीन कशी हलकी होते बघ."

सणासुदीचा सल्ला. हैबतीला पटला. ब्राउझर काढताना पडद्यावर एक प्रश्न आला, की यातली जुनी माहितीही पुसून टाकायची का? शेजारी एक रिकामा चौकोन होता. घराची झाडलोट करताना हैबतीने कधी एक कोपरा सोडला नव्हता. त्याने भक्तिभावाने चौकोनात खूण केली आणि पुढचं बटण दाबलं. नवा ब्राउझर आला तो सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि कचेरी दसऱ्यासाठी बंद झाली.

दसऱ्यानंतर कामाचा दिवस उजाडला. हैबतीने सकाळी पाहिलं तर कामाचे सगळे पासवर्ड गेलेले. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. कचेरीत पासवर्ड विसरण्याची उत्तम सोय होती, साहेबाला सांगितलं की नवा मिळायचा. पण दुपारी चहा आला, प्रवीण तंबाखू मळत बाहेर गेला, आणि हैबतीने रोजच्या सवयीने पडद्याच्या वरच्या पट्टीवर उजव्या टोकाला बोट नेलं, तेव्हा तिथे काहीच नव्हतं. त्याने पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. चहावर साय धरली तरी तो त्या कोऱ्या जागेकडे बघत होता.

त्या जागी त्याची आई असायची.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. हैबतीचं गाव कुडपणच्या पठारावर, एका वाडीत. आई बनुबाई तिथे एकटी राहायची. हैबतीने महाडमध्ये फ्लॅट घेतला आणि गेल्या शिमग्यानंतर मोठ्या हौसेने तिला राहायला आणलं. बनुबाईला फ्लॅटमध्ये बाकी सगळं आवडलं, दार बंद करणं तेवढं आवडलं नाही. ती दार सताड उघडं ठेवून जिन्यावर पाय सोडून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास काय रे?" म्हणून विचारायची. सोसायटीच्या चेअरमनने दोनदा येऊन समज दिली. आठवडाभराने बनुबाईने पिशवी भरली. हैबतीने विनवलं, मग चिडला आणि रागाच्या भरात बोलून गेला, "तू माझ्या घरात राहत नायस ना, मग मी पण आता गावाला पाय नाय ठेवणार."

बनुबाई म्हणाली, "बरं."

एवढंच. ती रडली असती, भांडली असती तर हैबती दुसऱ्याच रविवारी शेंगा घेऊन गावाला गेला असता. पण 'बरं' म्हटल्यावर माणसाने काय करायचं? तो अडकला. महाडहून गाव ते केवढंसं लांब, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तेवढं अंतर शिमग्यापासून त्याला ओलांडता आलं नाही. गणपतीत कचेरीत काम आहे असं खोटंच सांगून त्याने बायकोला, रूपालीला, मुलीबरोबर पाठवलं आणि स्वतः रिकाम्या फ्लॅटमध्ये डाळभात करून खाल्ला. फोनवर बोलावं म्हटलं तर बनुबाईला फोनवर कधी ऐकू यायचं नाही. समोरासमोर तिला दुसऱ्या घरातलं कुजबुजणंही ऐकू यायचं, ते वेगळं.

अशात त्याला कॅमेरा सापडला. वाडीच्या मुंबई मंडळाने वाघजाईच्या देवळात कॅमेरा बसवला होता, चाकरमान्यांना मुंबईत बसून देवीचं दर्शन व्हावं म्हणून. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. नंतर एका वानराला तो कॅमेरा बसायला सोयीचा वाटला. वानर बसून गेलं आणि कॅमेऱ्याने मान फिरवली. देवी गेली, त्याऐवजी बाहेरचा पार दिसू लागला. मंडळाने ठराव केला की कॅमेरा सरळ करावा, पण वाडीतल्या कोणी शिडी लावली नाही. हैबतीने एकदा सहज म्हणून तो उघडला आणि पारावर म्हाताऱ्यांच्या घोळक्यात त्याची आई बसलेली दिसली. मिश्री लावत होती.

त्या दिवसापासून चहाच्या वेळी हैबती आईला बघायला लागला. घरी किंवा मोबाइलवर बघितलं तर रूपालीला कळेल आणि मग ती हसेल, म्हणून कचेरीतच. पत्ता लांबलचक होता, तो त्याने वरच्या पट्टीवर खूण करून ठेवला. पासवर्ड उद्घाटनाच्या वेळी वाडीतल्या कोणीतरी एकदा भरून दिला होता, तेव्हापासून ब्राउझर तो आपोआप भरायचा. तो काय आहे हे हैबतीला ठाऊकही नव्हतं. त्याला फक्त काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसायची आणि रांग संपली की आई.

गणपतीपर्यंत तोंड दिसायचं. गणपतीनंतर मात्र बनुबाईने जागा बदलली. बाकीच्या बायका देवळाकडे तोंड करून बसायच्या, ती एकटी उलट बाजूच्या दगडावर, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसू लागली. हैबतीने त्याचा अर्थ लावला. गणपतीला आपण गेलो नाही, म्हणून ती आता पोलादपूरच्या रस्त्याकडे डोळे लावून बसते. एसटी येते का, त्यातून आपण उतरतो का, ते बघत असते. हा अर्थ लागल्यावर त्या दिवशी त्याला चहा पिववला नाही. पुढे पुढे त्याला ती पाठही वाचता येऊ लागली. डावा खांदा खाली असला की गुडघा दुखतोय. पदर डोक्यावरून घट्ट असला की अंगात कसर आहे. अंबाडा नीट असला की पारावरच्या तिच्या जोडीदारणीने, येसूबाईने, घालून दिलाय. पण तोंड नाही ते नाहीच. एकदा मागून वासरू आलं म्हणून तिने मान अर्धी वळवली. गाल दिसला, नाक दिसणार तेवढ्यात वासरू निघून गेलं. त्या वासरावर हैबतीचा अजून राग होता. आज नाही तर उद्या ती वळेल आणि तोंड दिसेल, एवढ्यासाठी तो कचेरीत जायचा असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता पाठही गेली. सगळं त्याने स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू वाहून पुसलं होतं.

प्रवीण परत आला तर हैबती कोऱ्या पडद्यासमोर डोळे पुसत होता. प्रवीणला बरेच दिवस संशय होताच, कारण तो आत आला की हैबती घाईघाईने खिडकी बंद करायचा. तो हळूच जवळ येऊन म्हणाला की असं होतं, या वयात होतं, आपण कोणाला सांगणार नाही. हैबतीने मान हलवली. प्रवीणला काय वाटत होतं ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी त्याने मंडळाचा सेक्रेटरी रितेश याला मुंबईला फोन लावला. रितेश त्याच वाडीतला, पारावरच्या येसूबाईचा मुलगा. हैबतीने विचारलं, देवळाच्या कॅमेऱ्याची लिंक आणि पासवर्ड देतोस का.

"देतो ना दादा, टेन्शन नको घेऊ. आपण तर डेली दर्शन घेतो," रितेश म्हणाला. "पण तुला कशाला पाहिजे? तू तर गावाशी कट्टी केलीय म्हणे."

आईची पाठ बघायचीय असं काही हैबतीच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "दर्शन घ्यायचंय. देवीचं."

झालं. रितेशला भरून आलं. त्याने लगेच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हैबतीला सामील करून घेतलं आणि लिहिलं, की गावाला पाठ फिरवलेल्या आपल्या हैबतीदादाला देवीची ओढ लागली आहे, कोणीतरी पासवर्ड टाका. कोणीतरी म्हणजे आपण नव्हे, हे सगळ्यांनी मनात ओळखलं. लिंक तेवढी मिळाली. पासवर्ड रितेशच्याही ब्राउझरमध्ये ठिपक्यांच्या रूपात होता आणि तो फोन त्याने गेल्या वर्षी बदलला होता. घाटकोपरच्या एकाने सांगितलं की मी रोज बघतो, पण आत्ता बाहेर आहे. विरारच्या एकाने सांगितलं की मी सकाळीच बघितलं, देवीला काय सुंदर हिरवी साडी नेसवलीय. हैबतीला माहीत होतं की ठराव झाला तरी कॅमेरा अजून सरळ झालेला नाही आणि त्यात देवी दिसत नाही. पण ते सांगावं तर आपल्याला कसं ठाऊक तेही सांगावं लागलं असतं.

मग ज्याला जो आठवेल तो पासवर्ड त्याने टाकून बघायला सुरुवात केली. देवीचं नाव, वाडीचं नाव, मंडळाचं नाव, अध्यक्षांच्या मुलीचं नाव. बऱ्याच चुका झाल्यावर कॅमेऱ्याने सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी लावली. अर्धा तास हात लावला नसता तर ती आपोआप निघाली असती. पण अर्धा तास शांत बसेल तो मंडळाचा सभासद कसला? जो तो दर पाच मिनिटांनी ढकलून बघत होता, त्यामुळे कडी निघायची ती निघेचना. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वेगळाच सूर लागला. पासवर्ड कोणीतरी मुद्दाम बदलला. कोणी? वरच्या आळीने. का? पालखीच्या वेळचा राग. वरच्या आळीचे लोक ग्रुप सोडून गेले आणि तासाभराने, आपल्याविषयी काय लिहितात ते बघायला परत आले.

बातमी वर वाडीत पोचली तोवर तिने चांगलंच अंग धरलं होतं. देवीने डोळे मिटलेत, मुंबईच्या एकाही माणसाला दर्शन देत नाही. गावकीची बैठक बसली. गुरवाने देवीला कौल लावला. देवी नाराज आहे का? उजवा कौल पडला, आहे. वरच्या आळीवर? कौल पडेना. पहिल्यांदा ज्याने मागणी केली त्याच्यावर? उजवा कौल. म्हणजे हैबतीवर. त्याने स्वतः येऊन देवीसमोर उभं राहावं.

इकडे रितेशने कॅमेरा बसवणाऱ्या माणसाला गाठलं. तो म्हणाला की लांबून आता काही होणार नाही. कॅमेऱ्याच्या बुडाशी बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबून धरायची, की जुनं सगळं पुसलं जाईल आणि नवीन पासवर्ड घालता येईल. त्यासाठी कॉम्प्युटरची माहिती असलेला माणूस शिडीवर चढायला पाहिजे. वाडीशी संबंधित असा माणूस एकच होता. देवी आणि कॅमेरावाला यांचं असं एकमत झाल्यावर हैबतीला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

पण शब्दाचं काय? रात्री जेवताना त्याने त्यातून वाट काढली. आपण गावाला चाललोच नाही, देवळात चाललोय. देऊळ वाडीच्या तोंडाशी आहे. टाचणी घालायची आणि त्याच एसटीने परत यायचं, घरी जायचं नाही. हे सगळं तो रूपालीला फार गंभीरपणे सांगत होता. रूपालीने ऐकून घेतलं आणि सकाळी त्याच्या हातात एक पिशवी दिली. तीत गुडघ्याला चोळायचं तेल होतं, खजूर होता आणि मिश्रीचा डबा होता.

"हे काय?" हैबतीने विचारलं.

"काही नाही. चुकून भेटल्याच तर," रूपाली म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पोलादपूरला एसटी बदलून तो वर निघाला. वाटेतल्या कापडे गावी शेतात भात पिवळं होऊन वाकलं होतं, काही ठिकाणी कापणीला माणसं लागली होती. गाडी चढणीला लागली तसा हैबती खिडकीशी सरकला. ही सगळी वळणं त्याला पाठ होती, तरी प्रत्येक वळणावर आता पुढे काय दिसणार ते तो मनात आधी बघून घेत होता. पठारावर नाचणीची कणसं भरली होती आणि वारा तोच होता. एवढ्याशा अंतरासाठी आपण किती महिने घालवले असं त्याला वाटलं, आणि मग त्या 'बरं'ची आठवण झाली नि तो पुन्हा ताठ बसला.

देवळात अख्खी वाडी जमली होती. हैबतीची नजर आधी पारावर गेली. पलीकडचा दगड रिकामा होता. त्याला चुकल्यासारखं झालं, पण विचारणार कोणाला? गुरवाने शिडी धरली, हैबती चढला. वळचणीला कॅमेरा लटकत होता, वानराने फिरवलेली मान तशीच होती. भोक सापडलं, पण टाचणी आणायची राहूनच गेली होती. खाली येसूबाईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि ती हातोहात वर पोचली. कॅमेरावाला फोनवरून सांगत गेला, हैबती दाबत गेला, कॅमेऱ्याचा तांबडा दिवा विझला आणि हिरवा लागला. नवा पासवर्ड त्याने घातला. खाली बायकांनी देवीला हात जोडले.

"हैबती, चढलास हायस तर त्याचं तोंड देवीकडं कर," गुरव खालून म्हणाला. "मुंबयवाल्यांची लय दिवसांची तक्रार हाय."

हैबतीने कॅमेऱ्याला हात घातला. कॅमेरा सहज फिरला असता. त्याने गाभाऱ्यात देवीकडे पाहिलं, मग पारावरच्या रिकाम्या दगडाकडे पाहिलं.

"फिरत नाय," तो म्हणाला. "गंजलाय."

देवीसमोर शिडीवर उभं राहून बोललेलं ते खोटं होतं, पण तिने चालवून घेतलं असावं, कारण शिडी हलली नाही. खाली उतरून त्याने रितेशला नवा पासवर्ड कळवला. मोबाइलवर चित्र उघडून बघितलं. पार स्वच्छ दिसत होता. माणसं पांगली, बायका घरी गेल्या. येसूबाई तेवढी पाराच्या अलीकडच्या अंगाला, देवळाकडे तोंड करून रोजच्या जागी बसली होती. एसटी सुटायला अजून वेळ होता.

हैबती पलीकडे गेला आणि आईच्या दगडावर बसला. कॅमेऱ्यात बघून तो दगड त्याच्या इतका ओळखीचा झाला होता, की कुठे खोलगट आहे ते बसायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. आई इतके दिवस जो रस्ता बघत होती तो आता आपण बघायचा, एवढ्यासाठी त्याने मान वर केली.

समोर रस्ता नव्हता. हातभर अंतरावर, कॅमेऱ्याच्या चौकटीत कधी न आलेली, गोठ्याची भिंत होती. भिंतीवर शेणी थापलेल्या होत्या. त्याने उजवीकडे वाकून पाहिलं, गोठाच. डावीकडे वाकून पाहिलं, गोठ्याचा कोपरा आणि त्यापुढे उकिरडा. वानराने कॅमेरा फिरवला तेव्हा हैबतीच्या डोक्यातल्या दिशाही फिरल्या होत्या. रस्ता देवळाच्या मागच्या अंगाला होता, त्याच रस्त्याने तर तो आत्ता आला होता.

"उतरलास काय शिडीवरनं?"

आवाज मागून आला. हैबती उठायला गेला तर बनुबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली. इतक्या दिवसांनी तोंड समोर आलं तर हैबतीला त्याच्याकडे बघवेना. तो भिंतीकडेच बघत राहिला. गुडघ्याला तेल आणलंय असं काहीतरी पुटपुटला.

"आये, हितनं रस्ता दिसत नाय," तो शेवटी म्हणाला.

"नाय दिसत."

"मग तू रोज हितं बसून काय बघायचीस?"

"गोठा," बनुबाई म्हणाली. "दुसरं काय हाय हितं?"

मग हळूहळू तिच्याकडून निघालं. गणपतीत रूपालीने तिला सांगितलं होतं. प्रवीणच्या बायकोने रूपालीचे कान भरले होते, की तुझा नवरा चहाच्या वेळी लपून कॉम्प्युटरवर काहीतरी बघतो. रूपाली एक दिवस डबा द्यायच्या निमित्ताने कचेरीत गेली, दारातून डोकावली आणि पडद्यावर सासूला बघून तशीच मागे फिरली. ते कळल्यापासून बनुबाई आपला चहा लवकर उरकून पारावर यायची. पाऊस असला तरी इरलं घेऊन यायची.

"आनि कॅमेरा बंद पडला व्हता तवा?" हैबतीने विचारलं.

"तवा पन बसले. बंद हाय हे मला कोन सांगतंय? येसू परवा बोलली." बनुबाईने पदराने गुडघा झाकला. "म्हटलं, आसूदे. त्याचं चालू झालं आनि मी नसले, तर तो काय समजंल?"

हैबतीला कचेरीतला कोरा पडदा आठवला. तो तिथे काहीच दिसत नसताना बघत बसला होता आणि ही इथे कोणी बघत नसताना बसून होती. तरी एक गोष्ट त्याला कळेना. एवढं ठाऊक होतं, रोज येऊन बसायची, तर मग पाठ कशाला? त्याने तसं विचारलंही. बनुबाई पिशवीतला खजूर चाचपून बघत होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप होता. हैबतीने तो मोठ्याने वाचला, "सर्व सभासदांना कळवण्यास आनंद होतो की कॅमेरा चालू झाला आहे. परंतु सभासदांच्या सांगण्याप्रमाणे देवी दिसत नसून समोर कोणीतरी दोन माणसं पाठ करून बसलेली आहेत. जवळ असेल त्याने त्यांना उठवावे किंवा तोंड इकडे करायला सांगावे."

"कोन लिवतंय?" बनुबाईने विचारलं.

"रितेश."

"त्याला लिही," बनुबाई म्हणाली. "म्हनावं, त्या कॅमेऱ्याच्या डब्यात पाठच दिसनार. तोंड बघायचं आसंल तर वर यायचं."

हैबतीने मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या आणि हनुवटी वर होती, 'बरं' म्हणताना होती तशी. आपण इतके दिवस रोज ते उत्तरच बघत होतो आणि आपल्याला ते वाचता आलं नाही, हे त्याला आत्ता कळलं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. त्याने दोन्ही येऊ दिलं आणि आईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून पाठवून दिलं.

एसटीवाल्याने लांब हॉर्न दिला, तो दोघांनीही ऐकला नाही. मग रितेशचा निरोप आला, या वेळी फक्त हैबतीला. तोही त्याने वाचून दाखवला.

"दादा, आमची आई पण आहे का रे तिथं? एकदा कॅमेऱ्यासमोर बसव ना. दोन वर्षं झाली, बघितलं नाय तिला."

पाराच्या अलीकडच्या अंगाला येसूबाई बसलेली होतीच, देवळाकडे तोंड करून, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. रोज तिथेच बसायची, बघणाऱ्याला रोज दिसली असती. तिने हे सगळं ऐकलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, पाराला वळसा घालून या बाजूला आली आणि गोठ्याकडे तोंड करून खाली बसू लागली. बनुबाईने सरकून तिला जागा करून दिली.